पत्र्यावरची नावं

भिरूड क्लार्क पक्कड घेऊन आलाय.
म्हणतो, वारके मामा, सोमवारी समिती येतेय,
इथे ब्लॉक बसवायचे, मोटरसायकली लावायला.
झाडं तर उरली नाहीत, निदान पाट्या उपटा.
तुम्हीच लावल्या होत्या.

मे महिना. फैजपूर. पत्रा हातात धरवत नाही.
तीस वर्षं मी हेच रंगवलं,
पांढऱ्यावर काळं, तीन नंबरच्या ब्रशनं.
सर कागदावर लिहून द्यायचे, मी अक्षर न् अक्षर उतरवायचो.
इंग्रजी मला आलं नाही ते नाहीच,
पण म्युझा, फायकस, ग्लोरिओसा
ही माणसं चेहऱ्यासकट पाठ.

बस जरा, भिरूड. सावली बघून बस.

गेल्या जानेवारीत लेकीकडे गेलो होतो, फिनलंडला.
हेमांगीनं विचारलं, बाबा, काय बघायचं?
म्हटलं, तुमच्या गावात झाडांची बाग असेल ना, पाट्यांची.
आता? म्हणाली. आता तिथे काही नसतं.

खरंच नव्हतं.
बर्फ. वाफ्यांच्या कडासुद्धा बुजलेल्या.
आणि त्या पांढऱ्यातून डोकं काढून
ओळीनं उभ्या, पाट्या.
जावई म्हणाला, चला, गारठाल.
मी वाचत राहिलो.
पिओनिया. आयरिस. जेन्शियाना.
वर्गात कोणी नाही आणि मी हजेरी घेतोय.

मग काचघर. दार उघडलं तर चष्मा धुकट,
पुसला, तर समोर केयी.
(पुस्तकात केळी. बांधावर केयीच.)
पानं अख्खी, कुठे एक चीर नाही.
वारा न लागलेलं केळीचं पान
मी साठ वर्षांत पाहिलं नव्हतं.
बरं वाटलं नाही, का ते सांगता येणार नाही.
काचेपलीकडे हातभर अंतरावर चरका उभा.
आपण रात्रभर बागेत धूर करतो, पोगा करपू नये म्हणून,
तिथे त्यांचा बॉयलर जागतो.

बुडाशी मात्र पिलं सात-आठ, थोरलीला पिऊन घेणारी.
हेल्वी नावाची बाई, छातीवर लिहिलेलं होतं,
ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होती.
मी पाटीवर बोट ठेवलं: म्युझा.
ती म्हणाली: मूसा.
मग मी स्वतःकडे बोट केलं, म्हटलं, यावल तालुका.
काय समजली कोण जाणे,
खिशातला चाकू काढून दिला.
एक पिल ठेवलं, अरुंद पानाचं, तलवारीसारखं.
बाकीची जमिनीलगत उतरवली.
जावई इकडेतिकडे बघत होता, कोणी पाहतंय का.

निघताना ती आमच्यामागून बाहेर आली, कोट न घालता.
एका पाटीशी गुडघ्यावर बसली,
बर्फ उकरला, मग कुजका पाला,
आणि तिथे, हरभऱ्याएवढा, लालबुंद कोंब.
बोलली काही नाही. परत झाकून टाकला,
हात कोपरापर्यंत लाल झालेले.

भिरूड, ती पक्कड दे इकडे.

ग्लोरिओसाच्या पाटीशी मी ढेकूळ फोडतो.
मातीचा चटका बसतो, मग बसेनासा होतो,
वीतभर खाली गार लागते.
कळलावीचा कंद. नांगराच्या फाळासारखा वाकडा,
फिकट, टणक.
हात लावू नको, विषारी आहे.

भिरूड ओणवा होऊन बघतो. मग घड्याळ बघतो.
सोमवारी समिती आहे, मामा, म्हणतो,
पण हळू म्हणतो.
मी माती लोटून पायानं दाबतो.
पाटीवरचं पहिलं अक्षर उडालंय.
काळ्या रंगाचा डबा घरी आहे,
सुकला नसेल तर.